हिंगणघाटात विसावलेला मोजणीदार : विल्यम लॅम्ब्टन आणि उपग्रहाच्या डोळ्याची तपासणी



आजचा पाठ एका माणसाच्या चरित्राचा आहे. पण सुरुवात करू या वजनकाट्यापासून.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मुलांची वजनं घेतली. मागच्या वेळची नोंदवही उघडली तर जवळजवळ प्रत्येक मुलाचं वजन दीड-दोन किलोने उतरलेलं! लगेच धावपळ झाली. दोन-तीन आयांना बोलावून घेतलं. मुलाला नीट जेवायला घालता का, असं विचारलं. त्यातली एक बाई धानाच्या रोवणीवरून तशीच आली होती. ती काही बोलली नाही, खाली मान घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी सुचलं आणि त्याच काट्यावर दुकानातून आणलेलं शिक्क्याचं पाच किलोचं वजन ठेवून पाहिलं. काटा साडेतीनच दाखवत होता! मुलं होती तशीच होती, बिघडला होता काटा. पण बोलणी खाल्ली आईने.

ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मोजमापात फरक दिसला की आपण समोरच्या वस्तूकडे बोट दाखवतो, हातातल्या साधनाकडे पाहत नाही. आज हाच मुद्दा घेऊन आपण आधी आकाशात जाणार आहोत, मग दोनशे वर्षं मागे, आणि शेवटी आपल्या चिमूरपासून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर असलेल्या हिंगणघाटात.

आकाशातला काटा

आपला चिमूर तालुका ताडोब्याच्या अगदी कुशीत आहे. सागवान, बांबू, मोह आपल्या मुलांना शिकवावे लागत नाहीत. या जंगलावर रोज वरून नजर असते. भारताचा रिसोर्ससॅट-२ हा उपग्रह २०११ साली सोडला गेला. त्यावरचा लिस-३ नावाचा कॅमेरा जमिनीचा साडेतेवीस मीटर बाय साडेतेवीस मीटरचा तुकडा एक ठिपका म्हणून टिपतो. देशातल्या वनांचा जो अहवाल दर दोन वर्षांनी निघतो, तो अशाच चित्रांवरून तयार होतो. चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल वाढलं की घटलं, हे तिथून कळतं.

आता कॅमेरा झाड कसं ओळखतो ते बघा. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवतो. म्हणून लाल कमी आणि अवरक्त जास्त दिसलं, की तिथे दाट हिरवळ आहे असं समजायचं. समजा, कॅमेऱ्याचा लाल प्रकाश मोजणारा भाग वर्षागणिक थोडा थोडा मंद होत गेला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मग काय होईल? लाल प्रकाश खरोखर कमी नसतानाही कमी नोंदला जाईल, आणि जंगल आहे त्यापेक्षा दाट दिसेल. खाली झाडं तुटली तरी वर सगळं हिरवंगार! उलट अवरक्त भाग मंद झाला, तर धडधाकट जंगल उजाड दिसेल. मग बोट कुणाकडे जाईल? गुरं चारणाऱ्याकडे, मोहफुलं वेचणाऱ्या बाईकडे. आपल्या काट्यासारखंच झालं ना?

आणि साधन मंद होतंच. उपग्रह सोडताना हादरे बसतात. वर गेल्यावर कडक ऊन, लगेच गोठवणारी सावली आणि अवकाशातले किरण यांचा मारा चालू होतो. सोडण्यापूर्वी प्रयोगशाळेत केलेली तपासणी फार काळ पुरत नाही. बरं, शेकडो किलोमीटर उंचीवर फिरणारा कॅमेरा तपासायला खाली आणताही येत नाही. तो कक्षेत फिरत असतानाच तपासायचा, किती चुकतो ते शोधायचं आणि तेवढी दुरुस्ती आकड्यांत करायची. याला म्हणतात कॅलिब्रेशन, मराठीत अंशशोधन.

कारखान्यापासून दूर, जिथे आहोत तिथेच साधन खरं ठेवण्याचं हे काम एका माणसाने भारतात दोनशे वर्षांपूर्वी आयुष्यभर केलं. त्यांचं नाव विल्यम लॅम्ब्टन.

गरीब घरातला गणिती

लॅम्ब्टन यांचा जन्म १७५३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात एका साध्या शेतकरी कुटुंबात झाला. जन्माची नक्की तारीखही सापडत नाही. ज्या माणसाने पुढे इंचाचा हिशोब ठेवला, त्याचं स्वतःचं वय मात्र अंदाजानेच सांगावं लागतं! नॉर्थॲलर्टन गावच्या शाळेत त्यांची गणितातली हुशारी दिसून आली.

१७८१ साली ते सैन्यात अधिकारी झाले आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पाठवले गेले. तिथे यॉर्कटाउनच्या लढाईत इंग्रज हरले आणि लॅम्ब्टन युद्धकैदी झाले. सुटल्यावर त्यांनी कॅनडाच्या भागात पुष्कळ वर्षं काढली. जंगलात जमिनीची मोजणी करायची, बराकींची व्यवस्था बघायची आणि रात्री गणिताची पुस्तकं वाचायची, असा त्यांचा दिनक्रम. सूर्यग्रहण पाहताना काळजी न घेतल्यामुळे त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, असं सांगितलं जातं. शिक्षकांनो, ग्रहणाच्या दिवशी मुलांना हे जरूर सांगा.

चाळिशीनंतर भारतात

१७९६ च्या सुमारास ते भारतात आले. वय चाळिशीच्या पुढे, हुद्दा लहान, स्वभाव लाजाळू. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत ते होते. एका रात्री सैन्याची तुकडी अंधारात चालली होती. लॅम्ब्टन यांनी वर तारे पाहिले आणि सेनापतींना सांगितलं की आपण उलट्या दिशेने, थेट शत्रूच्या तोंडाशी चाललो आहोत. सेनापतींना ते पटेना. शेवटी होकायंत्र पाहिलं, तर लॅम्ब्टन बरोबर होते. तुकडी वाचली.

युद्ध संपल्यावर त्यांनी एक योजना मांडली. दक्षिण भारत समुद्रापासून समुद्रापर्यंत त्रिकोणांच्या जाळ्याने मोजायचा. त्यातून नकाशे तर बरोबर होतीलच, शिवाय पृथ्वीचा आकारही कळेल. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, पण किती चपटी, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता.

त्रिकोणमापन म्हणजे काय, ते मुलांना असं समजवा. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. म्हणजे जमिनीवर एकच रेषा मोजायची. पुढे टेकड्यांवरून, देवळांच्या शिखरांवरून फक्त कोन मोजत जायचे. एका त्रिकोणाची बाजू दुसऱ्याचा पाया होते आणि साखळी पुढे सरकते. पण त्यात धोकाही आहे. पहिली रेषा चुकली की सगळेच त्रिकोण चुकले!

मद्रासची १२ किलोमीटर रेषा

ही पहिली रेषा, म्हणजे आधाररेषा, मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात १० एप्रिल १८०२ रोजी मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल, म्हणजे सुमारे १२ किलोमीटर. ती मोजायला लागले ५७ दिवस! दिवसाला सरासरी दोनशे मीटरच्या आसपास. एवढा वेळ का लागला, हेच आपल्या पाठातलं सर्वांत महत्त्वाचं.

मोजायला शंभर फुटांची पोलादी साखळी होती, लंडनच्या रॅम्सडेन या नामांकित कारागिराने बनवलेली. तिची गोष्टही मजेदार आहे. इंग्रजांनी ती चीनच्या सम्राटासाठी भेट म्हणून नेली होती. सम्राटाला तिची गरज वाटली नाही. फिरत फिरत ती भारतात आली आणि लॅम्ब्टन यांच्या कामी पडली.

पण पोलाद उन्हात वाढतं. शंभर फुटांची साखळी १० अंश सेल्सिअस तापली की साधारण साडेतीन मिलिमीटर लांब होते. आपल्याला वाटेल, एवढ्याने काय बिघडतं? पण साखळी चारशे वेळा टाकायची होती. साडेतीन मिलिमीटर गुणिले चारशे, म्हणजे जवळजवळ १.४ मीटरची चूक! आणि मद्रासचा एप्रिल-मे म्हणजे काय ऊन असतं, ते चंद्रपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

लॅम्ब्टन यांनी काय केलं? साखळी जमिनीवर टाकलीच नाही. तिवयांवर लाकडी पेट्या एका पातळीत बसवल्या आणि त्यांत साखळी ठेवली. बाजूला तापमापक ठेवले. प्रत्येक मापासोबत तापमान लिहून घेतलं आणि नंतर तेवढी वाढ हिशोबात धरली. साखळी उन्हात वाढणारच. ते थांबवता येत नाही, पण किती वाढली ते मोजता येतं.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. वापरून वापरून साखळीचे सांधे झिजतात, ती कायमचीच थोडी लांब होते. म्हणून त्यांच्याकडे दुसरी, तशीच साखळी होती. ती मोजायला वापरायची नाही, जपून ठेवायची. कामाची साखळी अधूनमधून तिच्याशी ताडून बघायची. जी राबते ती झिजते, म्हणून एक न राबणारी साक्षीदार हवी. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

समुद्र ते समुद्र

कोन मोजण्यासाठी लंडनहून मोठा थिओडोलाइट मागवला होता. वजन सुमारे पाचशे किलो, त्याचं आडवं वर्तुळ तीन फूट व्यासाचं. येताना ते जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि यंत्र मॉरिशसला गेलं. पण पेटीत शास्त्रीय उपकरण आहे हे कळल्यावर फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं. दोन देशांत वैर असतानाही ज्ञानाची वस्तू परत आली, ही गोष्ट मुलांना फार आवडते.

मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत मोजणी झाली तेव्हा कळलं की दक्षिण भारताची रुंदी त्या वेळच्या नकाशांपेक्षा सुमारे चाळीस मैलांनी कमी आहे. १८०४ साली बंगळूरजवळ दुसरी आधाररेषा मोजली. मद्रासहून त्रिकोणांच्या वाटेने गणिताने काढलेली तिची लांबी आणि जमिनीवर साखळीने मोजलेली लांबी यांत फरक पडला चार इंचांहून कमी. सात मैलांच्या रेषेत! इथे एक बारकावा बघा. गणित बरोबर आलं तरी त्यांनी त्यावर विसंबून न राहता जमिनीवर उतरून पुन्हा मोजलं. पुढेही काही अंतरावर नवी आधाररेषा मोजून ते आपलंच काम तपासत राहिले. याशिवाय रात्री आकाशातल्या ताऱ्यांची उंची मोजून जागेचा अक्षांश काढायचा, तोही जमिनीवरच्या मापाशी ताडून बघायचा.

तंजावरचा अपघात

१८०८ साली तंजावर भागात सपाट जमीन आणि दाट झाडी, त्यामुळे दूरचं दिसेना. म्हणून थिओडोलाइट दोरांनी उंच मंदिराच्या गोपुरावर चढवायचं ठरलं. वर ओढताना यंत्राला भिंतीपासून दूर धरणारा दोर तुटला आणि ते दगडी भिंतीवर आदळलं. कोन मोजण्याचं वर्तुळच वाकलं.

लंडनला दुरुस्तीला पाठवायचं म्हणजे महिनोन्‌महिने काम बंद. लॅम्ब्टन यंत्र घेऊन तिरुचिरापल्लीला गेले. ते पूर्ण खोललं. एका सपाट फळीवर मूळ मापाचं अचूक वर्तुळ आखलं. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेली कड त्या आखलेल्या वर्तुळाला मिळेपर्यंत केसाकेसाने ओढून घेतली. सहा आठवडे हे चाललं. यंत्र पुन्हा कामाला लागलं आणि पुढे वर्षानुवर्षं चाललं.

त्या अपघाताबद्दल त्यांनी कुणाला दोष देत बसल्याचं दिसत नाही. साधन बिघडलं, किती बिघडलं ते शोधलं, दुरुस्त केलं.

हिंगणघाट

१८१८ साली या कामाला भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी असं नाव मिळालं. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट त्यांचे मुख्य सहायक म्हणून आले. हो, ज्यांचं नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिलं गेलं, तेच. तोपर्यंत दक्षिणेच्या टोकापासून निघालेली साखळी बिदरजवळ पोचली होती. सुमारे दहा अंश अक्षांश, म्हणजे अकराशे किलोमीटरच्या आसपास. एकूण दीड लाख चौरस मैलांहून अधिक प्रदेश त्रिकोणांनी बांधला गेला होता. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. पण भारतात आल्यावर ते मायदेशी परत गेलेच नाहीत.

सत्तरीच्या घरात असलेले लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे निघाले. मोजणी मध्य भारतात न्यायची होती. वाटेत हिंगणघाटला मुक्काम पडला आणि तिथेच जानेवारी १८२३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची कबर आजही हिंगणघाटात आहे. आपल्याकडचे कितीतरी लोक कापसाच्या बाजाराला, नातेवाइकांकडे हिंगणघाटला जातात. पण पृथ्वी मोजणारा माणूस तिथे विसावला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

एक गोष्ट मात्र मुलांपासून लपवू नका. ही मोजणी कंपनी सरकारसाठी होती. नकाशे सारावसुलीला आणि युद्धालाही उपयोगी पडले. आणि पाचशे किलोचं यंत्र टेकड्यांवर लॅम्ब्टन यांनी एकट्याने चढवलं नाही. खलाशी, हमाल, झेंडेवाले, वाटाडे असे शेकडो लोक होते. तापाने, दमणुकीने त्यांच्यातले कितीतरी दगावले. त्यांच्या नावाची कबर कुठे नाही.

पुन्हा आकाशाकडे

आता उपग्रहाच्या कॅमेऱ्याकडे परत या आणि लॅम्ब्टन यांच्या युक्त्या तिथे ओळखा.

पहिली, सोबतचा साक्षीदार. आपल्या भारतीय उपग्रहांच्या कॅमेऱ्यात छोटे एलईडी दिवे असतात. ठरावीक उजेड देऊन कॅमेरा तेवढाच आकडा दाखवतो का, हे बघतात. पण दिवाही म्हातारा होतो, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबता येत नाही.

दुसरी, दोन साखळ्या. अमेरिकेच्या लँडसॅट-८ उपग्रहात सूर्याचा उजेड सौम्य करून कॅमेऱ्यापर्यंत पोचवणारे पांढरे फलक आहेत. एक वरचेवर वापरायचा. दुसरा बहुतेक वेळ झाकलेला, क्वचितच उघडायचा. वापरातला फलक उन्हाने किती खराब झाला, हे दुसऱ्याशी ताडून कळतं. राबणारा आणि साक्षीदार, अगदी मद्रासच्या दोन साखळ्यांप्रमाणे! आणि सूर्याकडे सरळ बघायचं नाही, ही खबरदारी लॅम्ब्टन यांचा डोळा आठवला की आपोआप पटते.

तिसरी, आकाशाचा आधार. लॅम्ब्टन तारे बघत, हा उपग्रह महिन्यातून एकदा पौर्णिमेच्या सुमारास वळून चंद्राकडे बघतो. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, झाडं नाहीत; त्याचा पृष्ठभाग वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्या रात्री तो किती उजळ दिसायला हवा, हे गणिताने काढता येतं. कॅमेऱ्याला तो कमी उजळ दिसला, तर चूक चंद्राची नाही!

चौथी, जमिनीवर उतरून मोजणं. कच्छच्या रणासारख्या पांढऱ्या, सपाट, कोरड्या जागी शास्त्रज्ञ उपकरणं घेऊन उभे राहतात. उपग्रह डोक्यावरून जातो त्याच वेळी ते जमिनीवरून परतणारा प्रकाश आणि हवेतली धूळ, बाष्प मोजतात. मग वरचा आकडा आणि खालचा आकडा जुळतात का, ते बघतात. ही झाली आजची आधाररेषा.

म्हणूनच आज वनांचा दहा वर्षांपूर्वीचा नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवता येतो. कॅमेऱ्याचं म्हातारपण वजा केल्यावर जो फरक उरतो, तोच जंगलातला फरक.

लॅम्ब्टन यांचं कामही असंच पुढे तपासलं गेलं. एव्हरेस्ट यांनी साखळी सोडून लोखंड आणि पितळ अशा दोन धातूंच्या पट्ट्यांचं, तापमानाने लांबी न बदलणारं साधन आणलं आणि जुन्या कामाचा काही भाग पुन्हा मोजला. त्याने लॅम्ब्टन लहान ठरत नाहीत. त्यांनी प्रत्येक मापासोबत तापमान लिहून ठेवलं, म्हणून तर पुढच्याला तपासता आलं.

वर्गात आणि घरी काय कराल?

१. शाळेच्या वजनकाट्यावर दर महिन्याला शिक्क्याचं वजन ठेवा. फरक नोंदवहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. मुलांची वजनं त्यानंतर घ्या.

२. मोजपट्टी दोन ठेवा. एक रोजची, एक कपाटातली. वर्षअखेरीस मुलांनाच ताडून बघू द्या.

३. वीस मीटर अंतर दोन गटांना वेगवेगळं मोजायला सांगा. उत्तर वेगळं आलं की कुणाचं चुकलं हे विचारू नका. कशामुळे चुकलं असेल, हे विचारा.

४. पालकहो, हिंगणघाटला जाणं झालं तर मुलांना लॅम्ब्टन यांची कबर दाखवा.

आणि आमच्या त्या काट्याचं काय झालं? दुरुस्त होऊन आला. ज्या बाईला बोल लावला होता, तिच्या घरी जाऊन चूक काट्याची होती असं सांगितलं. ती हसली, चहा ठेवला. मुलाचं वजन आधीपेक्षा अर्धा किलो वाढलेलंच होतं.

मुलांना मोजायला शिकवताना एवढी एक सवय लावू या. फरक दिसला की आधी हातातलं साधन तपासायचं, मग समोरच्याकडे बघायचं.

पाठ वर्गात घेऊन बघा आणि मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.